चौदा इंचांचा हट्ट

काही वर्षांपूर्वी मी आमच्या राईस मिलमधल्या फिटरला चारचौघांसमोर झापलं होतं. पॉलिशरचा वेग वाढावा म्हणून पठ्ठ्याने मला न विचारता मोटरवर मोठी पुली चढवली होती. मी मिलमध्ये पाय ठेवला तो जळक्या पट्ट्याचा वास. अँपिअर मीटरचा काटा अठ्ठावीसवर असायला हवा, तो छत्तीसवर. "वीस एचपीच्या मोटरकडून तीसचं काम घेतो का रे? पुली मोठी केल्याने ताकद वाढत असती तर लोकांनी मोटरी कशाला घेतल्या असत्या?" असं काहीबाही मी बरंच बोललो. हमालही हसले. फिटर खाली मान घालून पाने गोळा करत राहिला.

तीच चूक पुढे मी केली. माझ्या वेळी पुलीच्या जागी बोटीचा पंखा होता, आणि मला झापायला कोणी मालक नव्हता.

बोट कशाला, हा प्रश्न आमच्या घरात आजही विचारला जातो. गोंदिया जिल्हा म्हणजे धान आणि तलाव. नवेगावबांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळीची गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. कोहळी लोकांनी बांधलेले असे लहानमोठे तलाव गावोगाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि 'माजी मालगुजारी'चं तोंडी रूप 'मामा तलाव' झालं. माझं बालपण अशाच एका तलावाच्या पाळीवर गेलं. पाण्यात मात्र मी कधी गेलो नाही, आई जाऊ द्यायची नाही. पन्नाशी उलटल्यावर ती हौस उसळून वर आली. एका दिवाळीत नागपूरच्या एका हौशी माणसाकडून पंधरा फुटी फायबरची बोट आणि पंचवीस एचपीचं फोरस्ट्रोक आउटबोर्ड इंजिन जुन्यात घेतलं. तलावाचं नाव लिहीत नाही. परवानग्या, पावत्या आणि कोणत्या टेबलावर किती चहा प्यालो, तो वेगळा लेख होईल.

पहिली फेरी मी आणि मुलगा, दोघांनीच मारली. मोबाईलवरच्या जीपीएसने ताशी अडतीस किलोमीटर दाखवले. रस्त्यावर अडतीस म्हणजे काहीच नाही, पण पाण्यापासून हातभर उंचीवर बसलेल्या माणसाला ते शंभर वाटतात. मी खूश होतो. त्या खुशीत भंडाऱ्याच्या साडूंना फोन केला. त्यांच्याकडे चाळीस एचपीची बोट, वैनगंगेच्या पाण्यात चालवतात. त्यामुळे बोटीच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"पंखा कितीचा आहे?" त्यांनी विचारलं.

मला पंख्याला 'कितीचा' असतं हेच माहीत नव्हतं. मी टॉर्च घेऊन बघून आलो. पंख्याच्या मधल्या भागावर आकडे ठोकलेले होते. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा. माझा पिच बारा.

"चौदाचा टाका. आणि स्टीलचा घ्या. मग बघा."

पिच म्हणजे काय ते साडूंनीच समजावलं आणि ते बरोबरच समजावलं, हेही कबूल करायला हवं. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो जेवढा आत जातो, तसा पंखा पाण्यात एका फेऱ्यात जेवढे इंच पुढे गेला असता तेवढा त्याचा पिच. बाराचा बारा इंच जाणार, चौदाचा चौदा. माझ्या डोक्यात हिशेब तिथल्या तिथे झाला. इंजिन तेच, फेरे तेच, प्रत्येक फेऱ्याला दोन इंच फुकट. असला सौदा कोणता व्यापारी सोडतो?

मागवला. खोक्यातून काढला तेव्हा ट्यूबलाइटच्या उजेडात असा काही चमकला की बायको म्हणाली, हा देव्हाऱ्यात ठेवायचा की पाण्यात?

फेब्रुवारीत सगळं घर घेऊन तलावावर गेलो. मी, बायको, भाऊ आणि दोघं मुलं. बोट काठापासून सोडली, हँडल पिळलं, पूर्ण पिळलं. इंजिन घुमलं, पण घसा दाबल्यासारखं. बोटीचं नाक वर उठलं आणि वरच राहिलं. एरवी ते दोन-चार क्षणांत खाली बसतं, बोट पाण्यावर चढते आणि मग पाणी कापण्याऐवजी त्याच्यावरून घसरत जाते. तेव्हा ती चढलीच नाही. शेपूट पाण्यात रुतवून, रेड्यासारखी छाती पुढे काढून ढकलत राहिली. मागे पाण्याचा हा एवढा डोंगर. मोबाईलवर सतरा. मुलगी म्हणाली, बाबा, सायकलवर मी याच्यापेक्षा जोरात जाते.

नाक वर असल्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं. थर्माकोलच्या तुकड्यांची रांगही दिसली नाही. खट्ट झालं, इंजिन अडखळलं, मी ते बंद केलं. मागे वळून बघितलं तर निळा नायलॉन पाण्यावर तरंगत होता. कोणाचं तरी जाळं माझ्या पंख्याने मधोमध कापलं होतं.

जाळ्याचा मालक, साठीच्या पुढचा ढिवर, डोंग्यातून बांबू रोवत सावकाश आला. मी शिव्यांच्या तयारीत होतो. त्याने शिवी दिली नाही. जाळ्याची दोन टोकं उचलून बघितली, मग बोट पाहिली, मग बोटीतली माणसं मोजली. मी भरपाई विचारली, त्याने आकडा सांगितला, मी दिला. पैसे कमरेला खोचता खोचता तो म्हणाला, "शेठ, तुमची नाव पान्यावर चालून नाही राहिली. पान्याले ढकलून राहिली."

मी म्हटलं, "इंजिनात बिघाड आहे, काकाजी."

"असंन," तो म्हणाला आणि निघून गेला.

खरंच मला तसंच वाटत होतं. पुढचा दीड महिना मी त्या बिचाऱ्या इंजिनाच्या मागे हात धुऊन लागलो. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून टाकी रिकामी केली. प्लग बदलले. कार्बोरेटर उघडून साफ करून घेतला. मेकॅनिकने दोनदा सांगितलं की इंजिनाला काही झालेलं नाही. दोन्ही वेळा मी मनात म्हटलं, याला येत नाही. तिसऱ्यांदा ते तोंडावर म्हटलं. तो पुन्हा आला नाही. जुनं इंजिन विकणाऱ्या नागपूरच्या माणसालाही फोन करून दोन शब्द ऐकवले. एवढ्या सगळ्यांवर संशय घेतला, पण ज्याचे पैसे मी स्वतः मोजले होते त्या चकचकीत पंख्याकडे एकदाही वाकडा डोळा गेला नाही. महाग वस्तूवर माणूस संशय घेत नाही.

पंखा काढावा लागला तो भलत्याच कारणाने. जाळ्याचा दोरा आत राहिला असेल, बघून घ्यावं म्हणून एका रविवारी बोट पाळीवर ओढून घेतली. काटापिन सरळ करून ओढली, नट सैल केला, वायसर काढला, पंखा हातात आला. मागे शाफ्टवर निळ्या नायलॉनचा वेटोळा इतका घट्ट बसला होता की उष्णतेने वितळून त्याची कडक बांगडी झाली होती. चाकूने खरवडून काढायला अर्धा तास गेला. मग खालचा स्क्रू उघडून गिअरचं तेल थेंबभर बोटावर घेतलं. मधाच्या रंगाचं असायला हवं ते ताकासारखं पांढरं. दोऱ्याने ऑइल सील कापलं होतं, पाणी आत गेलं होतं. अजून दोन महिने तसंच चालवलं असतं तर गिअर गंजून गेले असते.

काकाजी त्या दिवशी पाळीवर जाळं वाळत घालत होता. जवळ येऊन बसला. पंखा हातात घेतला, पात्याच्या वळणावरून अंगठा फिरवला. मी त्याला पिच समजावून सांगितला, साडूंनी मला सांगितला होता तसाच, स्क्रूचं उदाहरण देऊन. थोडा ऐटीतच. तो ऐकत होता.

"म्हंजे वल्हं खोल मारते हा," तो म्हणाला.

"हो. एका फेऱ्यात जास्त पुढे."

"डोंग्यात एकटा असलो त मी बी खोल मारतो. दोघं-तिघं बसले, वरून मासोळी असली, त थोडं थोडं मारतो. लवकर लवकर. भरल्या डोंग्यात खोल मारलं त खांदाच उखडते, अन् डोंगा जागच्या जागी."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला तो दिसत नव्हता, दिसत होता माझा फिटर, खाली मान घालून पाने गोळा करणारा. मोठी पुली. जळका पट्टा. छत्तीस अँपिअर. ज्या माणसाच्या मिलमध्ये अँपिअर मीटर बघितल्याशिवाय एक पोतं आत जात नाही, त्याने बोटीचं इंजिन किती फेरे मारतं हे एकदाही मोजलं नव्हतं. आवाजावरून अंदाज. आवाजावरून अंदाज घेणाऱ्या ऑपरेटरला मी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

मग टॅकोमीटर आणला. काडेपेटीएवढा डबा, त्याची वायर प्लगच्या वायरीला गुंडाळायची, झालं. पहिल्याच दिवशी त्याने ९००० फेरे दाखवले आणि मी जवळजवळ पळालो. मग कळलं, ठिणगी फेऱ्याला एकदा पडते की दोन फेऱ्यांना एकदा, हे त्याला सांगावं लागतं. सेटिंग बदललं. पाच माणसं, पूर्ण हँडल: ४५००.

इंजिनाचं पुस्तक काढलं. ते पुस्तक बोटीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत आलं होतं आणि पिशवी मी उघडली नव्हती. पूर्ण हँडलला फेरे ५००० ते ६००० च्या दरम्यान असावेत, असं तिथे स्वच्छ छापलेलं होतं. खालच्या गिअरचं प्रमाणही होतं, २.०८. म्हणजे इंजिनाचे दोन फेरे आणि वर थोडं, तेव्हा पंख्याचा एक. आता मिलवाल्याचा हिशेब सुरू झाला. ४५०० भागिले २.०८ म्हणजे पंख्याचे मिनिटाला सुमारे २१६०. गुणिले चौदा इंच. तासाला शेहेचाळीस किलोमीटर भरतात. कागदावर शेहेचाळीस, पाण्यावर सतरा. मधले एकोणतीस किलोमीटर मागच्या डोंगरात गेले होते. पाणी लाकूड नाही, सरकतं. थोडी घसर प्रत्येक पंख्याला असते, चढून पळणाऱ्या हलक्या बोटीत दहा ते वीस टक्के धरून चालतात. माझी साठाच्या वर होती.

आणि नुसता वेगच जात नव्हता. जड पिच घेऊन कमी फेऱ्यांवर पूर्ण हँडलने धापा टाकत राहणारं इंजिन तापतं, पिस्टनवर काजळी धरतं. चौथ्या गिअरमध्ये भरलेला ट्रॅक्टर घाटात चढवावा तसं. आपल्याकडे तसं चालवणारा ड्रायव्हर कोणीही ओळखतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. पंखा पाण्याखाली असतो.

एक इंच पिच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात, असं बोटवाल्यांत धरून चालतात. चौदावरून दहा म्हणजे सहाशे-आठशे. मला हवे होते पाचशेच्या वर. मी दहाचा मागवला. साडूंना सांगितलं नाही.

पाच माणसं, दहाचा पंखा. नाक वर उठलं, मी मनात एक-दोन-तीन म्हणतोय तेवढ्यात खाली बसलं. बोट चढली. समोर सगळा तलाव दिसायला लागला, पलीकडच्या काठावरच्या बगळ्यांपर्यंत. फेरे ५६००, वेग बत्तीस. दीडशेच्या हिशेबापेक्षा फेरे जास्त वाढले, कारण बोट एकदा चढली की ओझंच कमी होतं. कागदावर हा पंखा चौदाच्यापेक्षा हळू आहे, एक्केचाळीसच भरतात. मागे वळून बघितलं, डोंगर नव्हता. दोन पातळ रेघा होत्या.

उलट्या बाजूचा खड्डाही आहे, तो सांगितला पाहिजे, नाहीतर कोणीतरी हे वाचून आठचा लावेल. पिच फार कमी केला तर इंजिन मोकाट सुटतं, सहा हजारांच्या वर जातं, आणि ते धापा टाकण्याइतकंच वाईट. दहाच्या पंख्यावर मी एकटा बसलो की काटा ५९५० ला टेकतो. तेव्हा हात आखडता घेतो. दोघंच जाणार असू तर जुना बाराचा काढून लावतो. दहा मिनिटांचं काम आहे. नट, वायसर, शाफ्टच्या दात्यांना ग्रीस, नवी काटापिन.

स्टीलचा हट्टही याच ओघात सुटला. स्टीलची पाती पातळ असतात, वाकत नाहीत, वेग दोन-चार किलोमीटरने जास्त देतात, हे सगळं खरं आहे. खोल आणि स्वच्छ पाण्यात घ्यावा. आमच्या तलावात गाळ साचून पाणी उथळ झालंय, काठाकाठाला बुडालेले बुंधे आहेत, मध्येच बेशरमची झुडपं. इथे पंखा आपटणारच. अॅल्युमिनियमचा असेल तर पातं वाकतं, फार तर तुटतं. स्टीलचा असेल तर पातं शाबूत राहतं आणि धक्का आत गिअरला जातो. बोटीच्या खर्चात गिअर मोडण्यापेक्षा पातं मोडणं परवडतं. मधल्या रबरी बुशचं कामही तेच, धक्का बसला की घसरायचं. मिलच्या पट्ट्यासारखं. ते बुश एकदा सुटलं की इंजिन बोंबलतं आणि बोट जागेवर. म्हणून मी पंख्याच्या आतल्या पितळेवर आणि बाहेरच्या अंगावर पंचने एक सरळ रेघ मारून ठेवली आहे. रेघेची दोन टोकं एकमेकांसमोर आहेत तोवर बुश धरून आहे.

इंजिन एक भोक वर उचललं, हेही त्याच आठवड्यातलं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाशी साधारण समपातळीत हवी, माझी तीन बोटं खाली होती, म्हणजे मी पाण्यात नांगर धरून चाललो होतो. आता वळताना फार करकचून वळवलं तर पंखा वरची हवा ओढतो आणि फुसकन सुटतो. हळू वळतो.

हे सगळं झाल्यावर पंख्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. त्यात एक इंग्रज शेतकरी भेटला, फ्रान्सिस पेटिट स्मिथ. आपल्या शेतातल्या तळ्यात त्याने खेळण्यातल्या बोटीवर स्क्रू लावून बघितला, १८३६ मध्ये पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी खरी बोट कालव्यात सोडली. तिला लाकडाचा लांब, दोन वेढ्यांचा स्क्रू होता. तो कशाला तरी आपटला आणि अर्धा तुटून पडला. स्मिथला वाटलं असेल, गेलं सगळं पाण्यात. तेवढ्यात बोट आधीपेक्षा जोरात पळायला लागली. उरलेला एक वेढा पुरेसा होता, दुसरा नुसता ओझं होता. त्याची गोष्ट वाचून मला बरं वाटलं, पण पूर्ण नाही. त्याला आपली चूक कालव्याने एका तडाख्यात दाखवली. मला मेकॅनिकने दोनदा सांगितली होती आणि मी त्यालाच हाकललं होतं.

त्या मेकॅनिकच्या घरी जाऊन आलो. चहा झाला. तो मोठ्या मनाचा, म्हणाला, होते शेठ असं. फिटर आता दुसऱ्या मिलमध्ये आहे, चांगल्या पगारावर. भर बाजारात एकदा समोर आला, मी थांबलो, आणि मुलं कितवीत आहेत, एवढंच विचारून निघालो. जे बोलायचं होतं ते अजून पोटात आहे. चूक त्याचीच होती, पुली चुकीचीच होती. पण झापताना मी ज्या खात्रीने बोललो होतो, ती खात्री मला आता आठवते.

काकाजीच्या जाळ्यांच्या बाजूला आता जात नाही. त्याने सांगितलेल्या दोन खुंट्यांच्या मधूनच जातो, आणि शिंगाड्याचे वेल पसरले की त्या टोकाला इंजिन बंद करून वल्हं मारतो. डिसेंबर-जानेवारीत बोट शेडमध्ये. तेव्हा तलाव बाहेरून आलेल्या बदकांचा.

चौदाचा पंखा मिलच्या कचेरीत कपाटावर पडून होता. गेल्या महिन्यात साडूंचा फोन आला.

"तो स्टीलचा वापरत नाही म्हणे तुम्ही? मला द्या. माझी बोट आजकाल उचलतच नाही."

"सध्या कितीचा आहे?"

"तेराचा."

"आणि बसता किती जण?"

"अहो, इंजिन चाळीसचं आहे!"

"ते माहीत आहे, साडूभाऊ. माणसं किती बसतात?"

पलीकडे थोडा वेळ आवाज आला नाही. मग फोन बाजूला धरून ते बायकोला विचारत असल्याचं ऐकू आलं, गेल्या रविवारी आपण नक्की किती जण होतो गं?